प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, धार मोकळी झाली, तरी आबांची घाई काब्र जात नाही?

चोपड्याचा_केळीवाला

नमस्कार मंडळी. आमचे आबा ७१ वर्षांचे. बरीच वर्षं धार बारीक, थांबून थांबून व्हायची, जोर लावायला लागायचा, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की "वय झालं ना भो आता, चालायचंच" म्हणून उडवून लावायचे. शिमग्याच्या आसपास सर्दी झाली, मेडिकलवरून सर्दीची गोळी आणून घेतली आणि त्या रात्रीपासून लघवी पूर्ण बंद, पोट बेंबीपर्यंत टम्म. जळगावला नेलं, नळी टाकली तर एका दमात १४०० मिली निघाली. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) चढून ५.२ आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या. आणि मग पुढचे चोवीस तास नुसती लघवीच लघवी, सहा लिटरच्या वर गेली, सिस्टर तासातासाला माप घेऊन राहिल्या होत्या, आम्हाला वाटलं किडनी गेलीच आता.

नंतर क्रिएटिनिन उतरत उतरत १.४ वर आलं, आखाजीच्या आधी दुर्बिणीने ऑपरेशन झालं. आता पोळा तोंडावर आला. धार एकदम मस्त आहे, पण घाई अशी येते की केळीच्या बागेतून बांधापर्यंत पोचायच्या आत धोतर ओलं, आणि रात्री चार-पाचदा उठणं. अडथळा तर काढला, मग हे काब्र? गावात एक जण म्हणतो सगळी लघवी एकदम काढली म्हणून पोटातली लघवीची पिशवी बिघडली, थोडी थोडी काढायला पाहिजे होती. खरं आहे का हे? आणि सहा लिटरचा काय प्रकार होता, तेव्हा घाईत विचारलंच नाही.

भुसावळकर

दादा, ठिबकचा फिल्टर चोक झाल्यावर मोटर वर्षानुवर्षं लोड घेत राहिली, तर फिल्टर धुतल्या दिवशी मोटर नवी होते का? तसंच आहे हे. माझ्या काकांना पण ऑपरेशननंतर घाई होती, हळूहळू कमी झाली. व्हई जाई बठ्ठं बरोबर, टेन्शन घेऊ नका.

धुळे_युरो_वॉर्ड

युरोलॉजीच्या वॉर्डात बरीच वर्षं काम करतो, डॉक्टर नाही, तेव्हा आबांचं तपासून सांगायचं काम तुमच्या सर्जनचं. पण हा प्रश्न वॉर्डात रोज येतो म्हणून सविस्तर लिहितो.

भुसावळकर भाऊंची मोटर निम्मी बरोबर आहे. फरक असा की मोटर लोडवर फक्त जळते, लघवीची पिशवी म्हणजे स्नायू आहे, तो लोडवर आधी वाढतो. पुढे प्रोस्टेटने रस्ता दाबला की पिशवी जास्त जोराने आवळते, भिंत जाड होते, आतून दुर्बिणीने बघितलं तर दोऱ्या दोऱ्या ताणल्यासारखं दिसतं, काहींना दोऱ्यांच्या मधून छोटे फुगे बाहेर आलेले असतात. या काळात लघवी पूर्ण होते, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. पण प्रत्येक वेळी एवढ्या जोराने आवळताना भिंतीतला रक्तपुरवठा दाबला जातो, जोर संपला की परत सुरू होतो, असं वर्षानुवर्षं चाललं की स्नायूतल्या बारीक नसा (रक्ताच्या नाही, मज्जातंतूच्या) मरतात आणि जागोजागी चिवट तंतू भरतात. ज्या नसा उरतात त्या चिडक्या होतात, थोडी लघवी साठली तरी पिशवी आपोआप आवळायला लागते. घाई येते ती यानेच. उंदरांवरच्या प्रयोगात तर अडथळा केल्यावर पिशवीत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन वाढलं आणि लघवीचा रिफ्लेक्सच बदलला असं दिसलंय, म्हणजे नुसती पिशवी नाही, तिच्यापासून मणक्यापर्यंतचं वायरिंग बदलतं.

आता अडथळा काढला की हे सगळं उलटतं का? बऱ्यापैकी उलटतं, पण एका रात्रीत नाही. भिंतीची जाडी कमी व्हायला महिने लागतात. ऑपरेशननंतर सुरुवातीला आतल्या जखमेमुळे पण घाई असते, ती बहुतेकांची तीन महिन्यांत बसते. पण ज्यांची पिशवी आधीच चिडलेली होती त्यांच्यात साधारण तिघांत एकाची घाई नंतरही राहते. म्हणून ऑपरेशन फसलं असं धरू नका, धार मस्त आहे म्हणजे रस्ता मोकळा झालाय.

सहा लिटरचं सांगतो. आबांची पिशवी इतकी भरलेली होती की दाब उलटा किडनीपर्यंत गेला, म्हणून किडन्या फुगल्या आणि क्रिएटिनिन चढलं. तेवढ्या काळात अंगात युरिया, मीठ, पाणी सगळं साठून राहतं. नळी टाकून दाब उतरला की किडनी ते बाहेर फेकते, शिवाय दाबाखाली राहिलेल्या किडनीच्या नळ्या काही काळ पाणी परत ओढून घ्यायचं विसरतात. सलग दोन तास तासाला २०० मिलीच्या वर किंवा चोवीस तासात ३ लिटरच्या वर गेली की आम्ही लक्ष ठेवतो, बीपी, सोडियम, पोटॅशियम बघतो. बहुतेकांचं एक-दोन दिवसात आपोआप थांबतं. जेवढी गेली तेवढी सगळी सलाईनने भरत बसलं तर थांबतच नाही, उलट आपणच ती चालू ठेवतो, म्हणून त्यातली थोडीच भरतात आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तहान लागेल तसं पाणी पिऊ देतात. किडनी गेली नव्हती, सुटली होती.

आणि "थोडी थोडी काढा" हे जुनं आहे. नळीला चिमटा लावून थांबत थांबत काढायची पद्धत होती, रक्त येईल, बीपी पडेल या भीतीने. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघितल्या तर हळू काढण्याचा फायदा दिसला नाही. एकदम काढल्यावर थोडं लालसर येऊ शकतं, ते बहुतेकदा आपोआप साफ होतं. पिशवी बिघडली असेल तर ती आधीच्या वर्षांमुळे, त्या दहा मिनिटांमुळे नाही. सर्दीच्या गोळीचा धडा मात्र खरा आहे, त्यातली नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी औषधं प्रोस्टेटवाल्याची लघवी अडकवू शकतात.

अमळनेरची_लेक

दादा, तुमच्या आबांना घाई आहे म्हणजे पिशवी जिवंत आहे असं समजा. आमच्या बाबांचं उलटं झालं. शुगर जुनी, त्यात लघवी कित्येक महिने तुंबत राहिली, दुखत नव्हतं म्हणून कोणाला कळलंच नाही, आणि ऑपरेशन झाल्यावर नळी काढली तरी लघवी होईना. युरोडायनॅमिक टेस्ट (पिशवीतला दाब मोजायची) केली तर पिशवी दाबच तयार करत नव्हती. डॉक्टरांनी समजावलं की पिशवी फार ताणून मोठी झाली की स्नायूने तेवढाच जोर लावला तरी आत दाब कमी बनतो, वरून शुगरने नसा मंद केलेल्या. आता बाबा स्वतःच दिवसातून चार-पाच वेळा बारीक नळी घालून लघवी काढतात, काढली की नळी बाहेर. सुरुवातीला खूप रडले, आता वरणबट्टीच्या पंगतीला पण जातात. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, बस, निर्जंतुक ऑपरेशन थिएटर लागत नाही. हे १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडेस नावाच्या युरोलॉजिस्टने मांडलं, त्यांचं म्हणणं होतं की थोड्या जंतूंपेक्षा पिशवी ताणून ठेवणं जास्त वाईट, कारण ताणलेल्या भिंतीला रक्त पोचत नाही. आम्हाला पण एका वेळेला ४०० मिलीच्या वर साठू देऊ नका असंच सांगितलंय.

तापीकाठ

एवढं सगळं करण्यापेक्षा गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा द्या, आमच्याकडे सगळे घेतात, लघवी साफ होते.

धुळे_युरो_वॉर्ड

@तापीकाठ भाऊ, ज्याची लघवी तुंबून राहिलीय त्याला लघवी वाढवणारं काहीही देणं म्हणजे बंद गटारीत आणखी पाणी सोडणं. आणि आबांचा तर रस्ता मोकळा आहे, त्यांना लघवी वाढवून काय करायचंय.

@चोपडा, तीन गोष्टी विचारतो. लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते, सोनोग्राफीत बघितलं का? लघवी तपासून इन्फेक्शन नाही ना? आणि दोन-तीन दिवस प्रत्येक लघवी मापून वेळेसकट वहीत लिहा, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, झोपेतून उठून सकाळी केलेली पहिली ती रात्रीत धरायची. घाईवर गोळ्या आहेत, पण काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ होतं, तोंड कोरडं पडतं, कधी भ्रम होतो, आणि पिशवीत जास्त उरत असेल तर परत तुंबते, म्हणून उरलेली मापल्याशिवाय घेऊ नका. भीतीने पाणी पण तोडू नका, घट्ट लघवीने पिशवी आणखी चिडते आणि आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत खडे व्हायला वेळ लागत नाही. धार परत बारीक झाली, ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच दाखवा, ऑपरेशननंतर आतला रस्ता आक्रसू शकतो.

चोपड्याचा_केळीवाला

सगळ्यांचे आभार. उरलेली ६० मिली, इन्फेक्शन नाही. बहिणीने वही लिहिली, चोवीस तासात साधारण १९०० मिली, त्यातली रात्रीची ८५०. दिवसा एका वेळी जेमतेम १२०-१५०, रात्री मात्र २०० च्या आसपास. हे बरोबर आहे का?

धुळे_युरो_वॉर्ड

६० म्हणजे चांगलंच. पण बघा, वयस्कर माणसाची रात्रीची लघवी एकूणच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली तर ती जास्त धरतात, आबांची जवळजवळ निम्मी आहे. म्हणजे दिवसाची घाई पिशवीची, पण रात्रीचं उठणं बरंचसं पिशवीचं नाहीच, रात्री लघवी बनतेच जास्त. संध्याकाळी पायावर सूज असते का? बीपीला ॲम्लोडिपिन आहे का? त्या गोळीने पाय सुजतात, आणि आडवं झालं की ते पाणी रक्तात येऊन लघवीवाटे निघतं.

चोपड्याचा_केळीवाला

आहे ना भो, ॲम्लोडिपिनच आहे, आणि मोज्याचे वण पडतात रोज! चहा पण रात्री झोपायच्या आधी लागतोच.

धुळे_युरो_वॉर्ड

गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपीच्या डॉक्टरला वही दाखवा, बदलायची की नाही ते बघतील, हृदय-किडनीमुळे सूज नाही ना ते पण तपासतील. चहा संध्याकाळी पाचच्या आत, दुपारनंतर तासभर पाय उंच करून पडू द्या. दिवसाच्या घाईसाठी युरोसर्जनला हीच वही दाखवा, घाई आली की लगेच न पळता जागच्या जागी खालचे स्नायू आवळून धरायचे आणि लाट ओसरली की जायचं, हे शिकवतील, गरज वाटली तर गोळी देतील.

अमळनेरची_लेक

आणि दादा, बांधापर्यंत पळायला नको म्हणून बागेतच आडोसा करून द्या आबांना.