घरशाळेसाठी घरात जागा कशी केलीत?

आमची लेक सहा वर्षांची आहे. यंदा जूनपासून तिला घरीच शिकवायचं ठरलंय. का, यावर घरच्यांशी आणि बाहेरच्यांशी पुष्कळ बोलून झालं. आता प्रश्न जागेचा आहे. कोथरूडला टू बीएचके, सासूबाई सोबत, नवऱ्याचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस घरूनच. ज्यांची मुलं घरी शिकतात त्यांनी मनमोकळं लिहा. फोटोंपेक्षा मापं सांगा. टेबल किती उंच, पुस्तकं कुठे, पसारा कुठे जातो, पाहुणे आले की काय करता?

डोंबिवली, वन बीएचके, मुलगा ११ आणि मुलगी ७

वेगळी खोली नाही म्हणून अडून राहू नका, ताई. मुलं मी असते तिथेच शिकतात, आणि मी असते ओट्यापाशी. त्यामुळे आमची सगळी मांडणी स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू होते. दाराशेजारच्या भिंतीला सुताराकडून ३ बाय दीड फुटाची प्लायची फळी बिजागरीने लावून घेतली. काम झालं की खाली पाडायची, पाहुण्यांना दिसतही नाही. उंची २५ इंच, म्हणजे मुलाच्या मापाची. धाकटीच्या खुर्चीवर उशी आणि पायांखाली जुना पाट, कारण पाय लोंबकळत असले की ती दहा मिनिटांत उठते. लोखंडी कपाटाची बाजू हाच आमचा सूचनाफलक: चुंबकं, महाराष्ट्राचा नकाशा, आठवड्याचं वेळापत्रक. चालू महिन्याचं तेवढं बाहेर, बाकी सगळं दिवाणात.

साधनांवर फार खर्च करू नका, हे मात्र कळकळीने सांगते. आमच्याकडे एक जुना मिसळणाचा डबा आहे. मधल्या वाटीत सुटे चिंचोके, बाजूच्या वाट्यांत दहा-दहाच्या पुरचुंड्या. हातच्याची वजाबाकी आली की धाकटी स्वतः एक पुरचुंडी सोडते, दहा चिंचोके मधल्या वाटीत ओतते आणि मग काढून घेते. हातचा तिला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. ते दहा कुठून आले हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. डब्याला झाकण आहे, तो खालच्या फडताळात बसतो. कुठलंही साधन घेताना मी आधी हेच बघते, की मूल ते स्वतः काढू आणि परत ठेवू शकतं का.

कुडाळ, मुलगा ९

आमचं कौलारू घर, त्यामुळे जागेला तोटा नाही. झगडा पावसाशी आहे. एरवी पडवीत सतरंजी आणि बारा इंच उंचीचं बैठं मेज, थंडीत तर खळ्यातच. मृगानंतर पडवीत झड येते, मग सगळं माजघरात. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं तरी अंतर सोडा. ओल आणि वाळवी तिथूनच चढते. कसरीसाठी पुस्तकांत कडुनिंबाचा सुका पाला. कागदी तक्ते पावसाळ्यात टिकत नाहीत, म्हणून आम्ही फरशीवर खडूने लिहितो. क्षेत्रफळ त्या फरशीवरच शिकवलं.

‘एवढ्यावर शिक्षण होतं का?’ असं कुणी विचारलं की मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, पुढे कोसबाडला. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. साधनं म्हणजे शंख, शिंपले, बिया, पानं. माझ्या पडवीत याहून जास्तच आहे.

सांगली, आजी

तुमच्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द, बाळ. त्यांना विचारल्याशिवाय हॉल हलवू नका. माझी दुपारची पडायची वेळ सुनेने आधीच विचारून घेतली. तेवढा वेळ नातवंडं गच्चीवरच्या खोलीत वाचत बसतात. सकाळी पूजा झाली की पाढे मात्र माझ्याकडे, पावकी-निमकीसकट. जागा म्हणजे माझी आरामखुर्ची आणि समोर दोन पाट. सासूबाईंनाही असं एक काम आणि एक जागा द्या.

डॅलस, टेक्सास, मुली १० आणि ८

इथे घरशाळा खाजगी शाळेतच मोजली जाते. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे विषय लेखी अभ्यासक्रमातून शिकवले पाहिजेत, एवढी अपेक्षा. घर मोठं असूनही अभ्यास होतो जेवणाच्या टेबलावर. मराठीचा कोपरा मात्र जाणीवपूर्वक वेगळा ठेवलाय. साताऱ्याचे आजोबा उन्हाळ्यात इथल्या सकाळी सातला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी साडेपाचला, फोनवर येतात. फोन आडव्या दांडीला खाली तोंड करून अडकवलाय, त्यामुळे आजोबांना वही दिसते आणि जोडाक्षर चुकलं की ते तिथल्या तिथे थांबवतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती छापून स्पायरल करून घेतो.

नाशिक, मुलगी १४

मोठ्या मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लहानपणी आमचीही सगळीकडे लोळून शिकली; आता तिला दार लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करतेय. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि मराठी माध्यमही आहे. एक विषय चित्रकला घेतलाय, त्याला प्रात्यक्षिक असतं. म्हणून ४ बाय ७ फुटांची उत्तरेची बाल्कनी तिला दिली. दिवसभर एकसारखा उजेड, खाली जुनं ताडपत्रीचं कापड, ऊन-पावसाला बांबूच्या काड्यांचा पडदा. कपडे वाळत घालायचे ते आम्ही गच्चीवर नेले. ती आत असली की आम्ही टकटक करूनच जातो, तिचे बाबासुद्धा.

कोथरूडहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. पाढे त्यांनी लगेच मागून घेतले. डोंबिवलीच्या ताई, त्या फळीला वजन किती पेलतं? आमची लेक टेबलावर चढून बसते.

डोंबिवली

चढू देऊ नका. आमची फक्त वह्या-पुस्तकांसाठी आहे. अख्ख्या लांबीची पियानो बिजागरी आणि खाली दोन घडीचे ब्रॅकेट लावून घ्या, तेही विटेच्या भिंतीतच, पार्टिशनवर नको. आणि कोपरे गोल करून घ्या, सहा वर्षांच्या मुलीला टोकदार कोपरा सहज लागतो.