केनियाची सफारी मे महिन्यात करावी की दिवाळीत?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे असून मुलांच्या शाळेमुळे मे किंवा दिवाळी एवढीच सुट्टी हाताशी असते. तेथील मसाई मारा अभयारण्य पाहण्यासाठी यांपैकी कोणता काळ योग्य ठरेल?

उत्तर : मे टाळावा. मार्च ते मे तेथे मोठा पाऊस असतो, वाटा चिखलाने भरतात आणि वाढलेल्या गवतात बसलेला सिंह दोन हातांवर असला तरी दिसत नाही. नान्नजच्या माळावर माळढोक शोधलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उत्तर : विल्डबीस्ट या आफ्रिकेतील मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदी ओलांडतात, त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरात आली तरच शेवटचे कळप दिसण्याची आशा धरावी. मसाई मारा सुमारे १५०० मीटर उंचीवर असल्याने पहाटे उघड्या जीपमध्ये आपली सोलापुरी चादर हमखास आठवते.

आणखी एक : शाळा आठवडाभर बुडवता आली, तर फेब्रुवारीत टांझानियातील न्दुतू गाठावे, तेथे तेव्हा विल्डबीस्टची पिल्ले जन्मतात.