मदत हवी आहे: पेशंट स्वतः विचारतेय, घरचे म्हणतात सांगू नका

मी परिचारिका आहे. मराठवाड्यात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना घरी जाऊन पाहते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही.

एका मावशींना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. संभाजीनगरला रेडिएशन झालं, तरी आजार पसरला. आता फक्त त्रास कमी करण्याचे उपचार चालू आहेत. मुलाला सगळं माहीत आहे, मावशींना मात्र "पिशवीला सूज आहे" एवढंच सांगितलंय. पहिल्याच भेटीत तो हात जोडून म्हणाला, "सिस्टर, कॅन्सरचं नाव काढू नका, आई हाय खाईल." पोरगा मायाळू आहे, आईचं सगळं तोच करतो.

मागच्या वेळी तो बाहेर गेला तशी मावशींनी माझा हात धरला. "सूज असती तर उतरली असती. खरं सांग बाई, धाकटीच्या नावावर जमीन करायची राहिलीय." मी "डॉक्टरांशी बोलते" म्हणाले. खोटं बोलवेना, आणि मुलाला अंधारात ठेवून एकटीनं सांगणंही बरोबर वाटेना.

या लपवालपवीचा त्रास त्यांच्या दुखण्यालाही होतोय. मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी लिहून दिलीय, मुलगा फक्त रात्री देतो. सवय लागेल, श्वास थांबेल ही भीती. वेदनेच्या मानानं हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही, बद्धकोष्ठता होते, त्यावर औषध दिलंय, हे मी परत परत समजावलं. पण मावशी स्वतःच म्हणतात, "सुजेला एवढी जड गोळी कशाला?" त्यावर मी काय बोलू?

शेवटी मशीनवर ठेवू नका, असं आधी लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला, २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. पण आजारच माहीत नसेल तर बाई काय लिहून ठेवणार? आजार त्यांचा आहे, तो कळण्याचा पहिला हक्कही त्यांचाच, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या भेटीला डॉक्टर सोबत येणार आहेत. त्याआधी मुलाशी एकट्याशी बोलावं म्हणते. अशा घरांत काम केलेल्यांनी सांगा, सुरुवात कुठल्या शब्दांनी करता? आणि तो नाहीच म्हणाला, मावशींनी पुन्हा हात धरला, तर नर्सनं कुठपर्यंत बोलावं?