न्यूझीलंडचं मॉडेल गरीब देशात का फसतं?

कोरा_कागद: लोकप्रशासनाचा अभ्यास चालूय. न्यू पब्लिक मॅनेजमेंट (सरकारी खाती खासगी कंपनीसारखी चालवायची पद्धत) म्हटलं की न्यूझीलंड येतंच, १९८८ चा स्टेट सेक्टर अ‍ॅक्ट, खातेप्रमुखाशी ठरावीक मुदतीचा करार, मग माणसं कोणती नेमायची, पैसा कशावर घालायचा ते त्याचं तो बघेल. विकसनशील देशांनी हे उचललं की फसतं म्हणतात आणि कारण काय तर राजकीय इच्छाशक्ती. हे कारण कुठेही चिकटवता येतं राव. नेमकं अडतं कुठे?

जुना_कारकून: मंगोलिया बघा. २००२ मध्ये जवळपास तसाच कायदा केला, २०११ मध्ये नवा बजेट कायदा आणून तो गुंडाळला. न्यूझीलंडने मोकळीक दिली तेव्हा वेळेवर हिशेब, चोख ऑडिट हे सगळं आधीच अंगवळणी पडलेलं होतं. जिथे मंजूर झालेला पैसा खरंच हातात पडेल का याचीच खात्री नाही तिथे खातेप्रमुख वर्षभराच्या कामाचा करार कशाच्या जोरावर पाळणार, नुसते कागद रंगवायचे. सरकारी बजेटचे अभ्यासक अ‍ॅलन शिक यांनी १९९८ मध्येच सांगितलं होतं की आधी साधे नियम पाळायची सवय लावा, मोकळीक नंतर. मंगोलियाच्या कायद्याच्या ४ वर्षं आधी!

तिरकस: मग गरिबांनी सुधारणा करूच नयेत का? युगांडात १९९१ ते ९५ मध्ये शाळांसाठीच्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोचायचे, बाकी मधल्यामधे गायब. सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पाठवले ते पेपरात छापायला सुरुवात केली, शाळेतही बोर्डावर लावायला लावलं, २००१ पर्यंत आकडा ८० च्या वर. ना करार ना कन्सल्टंट.

जुना_कारकून: करूच नका असं कुठे म्हटलं मी. आणि ते श्रेय एकट्या पेपरला देऊ नका हो. त्याच काळात १९९७ ला मोफत प्राथमिक शिक्षण आलं, शाळांकडे जाणारा पैसा वाढला, देणगीदारांचं लक्ष होतं, खजिन्यातून पैसे सोडायची पद्धतही बदलली. यावर अभ्यासकांचे वाद झालेत. पण तुमच्या मुद्द्यातली एक गोष्ट मान्य, पैसा कुठे अडतो ते आधी मोजलं आणि मग त्यावर उपाय केला. मंगोलियात उलटं, औषध आधी आणलं.

कोरा_कागद: हे जमलं. उत्तरात दोन्ही देश शेजारीशेजारी मांडतो, इच्छाशक्ती शब्द खोडला.