प्रतिसाद: इंदूरला थांबावं की पुण्याला जावं?

काकू, मुलगा संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला आताच पुण्याला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. मीही इथे इंदूरच्या सुदामा नगरातच राहतो, आणि मुलाखती घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितोय.

घाई नको. इथल्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस दोन्ही आहेत, शिवाय विजय नगरकडे लहान कंपन्याही आहेत. मात्र २०२१-२२ सारखी भरती आता नाही, हे खरं. तेव्हा जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येते म्हटलं तरी बोलावणं यायचं. मग परदेशी ग्राहकांनी हात आखडता घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे एआय साधन आलं आणि नवख्यांना द्यायचं बरंचसं साधं कोडिंग त्याच्याकडे जाऊ लागलं.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती. प्रोजेक्ट झकास. विचारलं, ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवणारी आज्ञा, दहा लाख नोंदींवर चालवली तर? गप्प. कोड एआयकडून लिहून घेतला होता, तेही तिनं सरळ सांगून टाकलं. मला ते फार आवडलं. मग कागद पुढे केला, इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधून देणारी सूची, कसा चालतो ते चित्र काढून दाखवलं, आणि वीस मिनिटांत तिनं क्वेरी स्वतः सुधारली. तिला घेतलं आम्ही.

तेव्हा मुलाचं डेटाबेस, लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आधी पक्कं होऊ द्या. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला मात्र एक रुपयाही भरू नका. रविवारी सकाळी त्याला माझ्याकडे पाठवा, सरावाची मुलाखत घेतो.