मदत हवी आहे : अजून न मिळालेल्या कामांचे नियोजन सॉफ्टवेअरमध्ये कसे धरावे?

नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या, प्रेशर व्हेसल (दाबाखालचे वायू-द्रव ठेवायच्या टाक्या) बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी नियोजनाचे काम पाहते. हाती असलेल्या कामांचे वेळापत्रक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये व्यवस्थित चालते. अडचण आहे ती कोटेशन दिलेल्या, पण ऑर्डर न आलेल्या कामांची.

गेल्या श्रावणात अशा दोन ऑर्डर एकाच आठवड्यात पक्क्या झाल्या. प्लेट रोलिंगचे मशीन एकच आणि टिग वेल्डिंग करणारे दोघेच असल्यामुळे, गोल वाकवलेली शेल (टाकीची दंडगोल अंगे) जोडणीची वाट पाहत बारा दिवस शेडमध्ये पडून राहिली. वेल्डरांना सलग तीन रविवार बोलवावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

काम मिळण्याच्या शक्यतेच्या टक्क्यांनी लागणारी माणसे गुणून पाहिली, पण पन्नास टक्के शक्यतेच्या कामाला अर्धा वेल्डर दाखवणे मला पटत नाही, कारण काम आले तर पूर्ण येते, नाही तर येतच नाही. कालावधीसाठी मात्र पर्ट या नियोजन-पद्धतीचे त्रिबिंदू सूत्र (बहुधाचा आकडा चौपट धरून, त्यात किमान व कमाल मिळवून सहाने भागणे) उपयोगी पडते : किमान १०, बहुधा १४ आणि कमाल २४ दिवस धरले, तर अंदाज १५ दिवसांचा निघतो.

संभाव्य कामांच्या वेगळ्या फायली करून त्या सामायिक रिसोर्स पूलला (सगळ्या फायलींसाठी माणसे-यंत्रांची एकच यादी) जोडाव्यात, की माणसांचे बुकिंग ‘प्रपोज्ड’ (पक्के नव्हे, प्रस्तावित) ठेवून लेव्हलिंग, म्हणजे एकाच माणसावर पडणारी जास्तीची कामे पुढे सरकवणे, करताना तेही हिशेबात घ्यावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. काम हातचे गेल्यावर त्याच्या नोंदी कशा काढता, हेही कळवावे.