अनुभव धागा : वाफेच्या इंजिनानं तुमच्या अंगावर काय उडवलं?

गेल्या महिन्यात आईला घेऊन उटीला जाऊन आले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरतात, तरी एकच हट्ट : "मेट्टुपालयमलाच चढायचं." कारण वाफेचं इंजिन मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढंच. पुढं उटीपर्यंत डिझेल. माझे वडील कुर्डुवाडीला बार्शीच्या छोट्या, अरुंद रुळांच्या गाडीवर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे होते, त्यामुळं डिझेल म्हणजे आईच्या हिशोबात गाडीच नव्हे.

सकाळी सातला फलाटावर गेलो. निळे-क्रीम डबे, आणि इंजिन गाडीच्या मागं. चढावर ते ओढत नाही, ढकलतं. आई काठी टेकत टेकत शेवटपर्यंत गेली, इंजिनापाशी उभी राहिली, नाक वर केलं आणि म्हणाली, "ह्याला स्टोव्हचा वास येतोय." मला हसू आलं, पण तिचं बरोबर होतं. त्या दिवशीचं इंजिन तेलावर चालणारं होतं. तिथली काही कोळशाची इंजिनं बऱ्याच वर्षांपूर्वीच तेलावर आणली. "तुझ्या बापाच्या कपड्याला असा वास नव्हता," म्हणून ती डब्यात जाऊन बसली आणि कल्लार येईपर्यंत बोलली नाही.

कल्लारनंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. चढ असा, की साडेबारा फूट पुढं गेलं की एक फूट वर. इंजिनाखालचं दात्यांचं चाक त्या पट्टीत अडकतं, त्यासाठी वेगळे दोन सिलिंडर कामाला लागतात आणि आवाजच बदलतो. आईनं डोळे मिटले. म्हणाली, "आता कसं, दम लागल्यासारखं वाजतंय." हिलग्रोव्हला इंजिन पाणी प्यायला थांबलं, तेवढ्यात माकडानं आमची कडक भाकरी पळवली. झाडावर बसून दोनदा चावली, आणि खाली टाकून दिली!

तर हा धागा त्यासाठी. सोलापूर, कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, होटगीकडची माणसं इथं बरीच आहेत. इथं पाहिलेलं असो नाहीतर दार्जिलिंगला जाऊन पाहिलेलं, लिहा. फक्त "काय ते दिवस" असलं नको. काय दिसलं, काय भाजलं, काय खाल्लं, ते सांगा.

पांगरीचा पाहुणा :
सुरुवातीलाच एक थाप मोडून काढतो. "चालत्या बार्शी गाडीतून उतरायचो, बोरं तोडायचो, परत चढायचो" असं आमच्याकडचा प्रत्येक माणूस सांगतो. मी सातवीत असताना एकदाच उतरलो. बोरं मिळाली, गाडी मिळाली नाही. पांगरीपासून घरापर्यंत चालत आलो आणि वर चपलेनं मार खाल्ला. हां, चढाला ती इतकी हळू व्हायची की उतरायचा मोह व्हावा, हे मात्र खरं.

आषाढीचं मात्र अजून डोळ्यांपुढं आहे. पंढरपूरकडं जाणारी गाडी लांबून दिसायचीच नाही, नुसती टपावर बसलेली माणसं सरकताना दिसायची. माल वाहायच्या डब्यांतसुद्धा माणसं. इंजिनाच्या धुरानं टपावरचे वारकरी काळे ठिक्कर, फक्त बुक्का लावलेला ओळखू येईना एवढाच फरक. आजी म्हणायची, इठ्ठल काळा, मग भक्तांनी गोरं राहून कसं चालेल.

फिटरकाका (निवृत्त) :
माहिती म्हणून थोडं लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

बार्शी लाइटची पहिली गाडी 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. रुळांमधलं अंतर अडीच फूट. ही लाइन एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभी केली. त्याचं डोकं असं : हलके रूळ टाकायचे, म्हणजे खर्च कमी, पण मग कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं होती. वजन वाटून टाकलं. लाइन पुढं पंढरपूर, लातूर करत 1927 ला मिरजेला पोचली, आणि 1954 साली सरकारनं घेतली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ठेकेदारीची सुरुवात केली तीही याच लाइनवर, येडशी-तडवळ्याच्या तुकड्यावर.

आता आमच्या कामाचं. लोकांना वाटतं इंजिनाचा जीव आगीत. जीव पाण्यात असतो. केबिनमध्ये एक उभी काचेची नळी असते, तिच्यात बॉयलरचं पाणी दिसतं. चढावर पाणी मागं सरकतं, उतारावर पुढं, म्हणजे काच खोटं बोलते. फायरमनला ते मनात दुरुस्त करून वाचावं लागतं. पाणी खाली गेलं आणि भट्टीचं छत उघडं पडलं, तर तिथला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून आग मारते. बॉयलर वाचतो, पण "प्लग घालवला" हा शिक्का त्या ड्रायव्हरच्या कपाळावर रिटायर होईपर्यंत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक त्याला "पाणी वाढू का" विचारायचे.

आणखी एक. पांढरी दिसते ती वाफ नव्हे. सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला की तोंडाशी वीतभर काहीच दिसत नाही, पांढरं त्याच्या वर सुरू होतं. त्या वीतभर मोकळ्या जागेत हात गेला की संपलं. माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.

रामवाडी :
आजोबा सोलापूरच्या इंजिनांच्या शेडला कॉलमन होते. नव्या पोरांना हे काम सांगितलं तर खोटं वाटतं. ड्रायव्हर-फायरमनच्या घरी जाऊन, रात्री कितीही वाजता, दार वाजवून उठवायचं : अमुक गाडी, अमुक वाजता. आणि वहीत सही घ्यायची. सही झाली की जबाबदारी त्याची. हातात कंदील, काखेत वही.

आजोबांना अक्षरओळख बेताची. पण कुठल्या घराची कडी कशी वाजवायची ते पाठ. एका ड्रायव्हरची बायको आतूनच "घरात नाहीत" सांगायची, आणि आजोबा शांतपणे म्हणायचे, "वैनी, खाटेखाली बूट दिसतोय." गाडी चुकायची नाही, वैनीचा चहा मात्र कायमचा बंद झाला.

मी लहानपणी त्यांच्यासोबत शेडमध्ये गेलोय. थंड इंजिन तापवून उभं करायला सहा-आठ तास लागतात, त्यामुळं शेडला रात्र म्हणून नसायचीच. पहाटे गिरणीचा भोंगा आणि इंजिनाची शिट्टी एकदम झाली की आजी म्हणायची, झालं, दोन्ही सवती उठल्या.

होटगी जंक्शन :
माझा अनुभव दोन ओळींचा. मीटरगेजनं विजापूरला मामाकडं. भीमेचा पूल आला की सगळे खिडकीत, नदीत पैसे टाकायला. मी तोंड बाहेर काढलं आणि कोळशाचा कण डोळ्यात. शेजारच्या कानडी आज्जीनं मला मांडीवर आडवं पाडून पदराच्या टोकानं तो काढला, वर कानडीतून शिव्या. उतरताना आईनं मला त्यांच्या पाया पडायला लावलं. पैसे टाकायचे राहिले ते राहिलेच.

चादरवाला :
धंद्यानिमित्त सिलीगुडीला जाणं होतं. मागच्या वेळी पार्टीनं पेमेंट दोन दिवस पुढं ढकललं, म्हटलं चला दार्जिलिंग. तिथून घूमपर्यंत वाफेची फेरी असते, दोनेक तासांची, मधे बतासियाच्या वळणावर थांबते. गाडी इतकी बुटकी की इंजिनाशी आपण खांद्याला खांदा लावून उभे.

मला डोंगर-बिंगर फार कळत नाही. मी माणसं बघत होतो. इंजिनाच्या अगदी पुढं, बफरवर, दोघं बसलेले. चढ घसरडा झाला की हातानं रुळावर वाळू सोडायची, एवढंच त्यांचं काम. आणखी एक जण वर कोळशाच्या ढिगावर बसून हातोड्यानं ढेकळं फोडतोय. एवढ्याशा इंजिनाला इतकी माणसं! मी आपला हातमागाचा हिशोब केला : आपल्याकडं एका मागाला एवढी माणसं लावली असती तर केव्हाच दिवाळं.

पण रस्त्याच्या कडेनं, दुकानांच्या फळ्यांना जवळजवळ घासून ती गाडी निघाली आणि दुकानदारानं सवयीनं आपली टांगलेली स्वेटरं आत ओढून घेतली, ते बघून मी हिशोब सोडला. पिशवीत सॅम्पलचा पांढरा टॉवेल होता, त्यावर काळे ठिपके पडले. धुतला नाही. दुकानात ठेवलाय. गिऱ्हाईक विचारतं, ही डिझाईन मिळेल का.

लेक फायरमनची :
सगळ्यांचं वाचलं. छान आहे. पण मला ही शिट्टी ऐकून गहिवर वगैरे येत नाही, माफ करा.

सोलापूरचा मे महिना माहीत आहे ना? सावलीत बसून जीव जातो. त्या दिवसांत दादा, म्हणजे माझे वडील, भट्टीपुढं उभे राहायचे. दार उघडलं की तोंडावर आग, मिटलं की पाठीवर ऊन. घरी यायचे तेव्हा सदरा मिठानं कडक झालेला, उभा ठेवला तर उभा राहील असा. दोन्ही पोटऱ्यांवर निखाऱ्यांचे डाग. शेवटची दहा वर्षं खोकला असा, की शेजारी भिंतीपलीकडून विचारायचे, आज बरं आहे का. तब्येतीच्या कारणानं हलकं काम मागितलं, तर साहेबानं अर्ज पेपरवेटखाली ठेवला आणि तो तिथंच राहिला.

डिझेल आलं तेव्हा दादांनी पेढे वाटले होते. हेही कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिलं.

फिटरकाका (निवृत्त) :
ताई, खरं आहे. आम्हीही वाटले होते.

नव्वदनंतरची पैदास :
माझ्याकडं सांगायला काहीच नाही. मी बघेपर्यंत बार्शी लाइनची ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाइन झालेली. एक शंका : फायरमन फावड्यावर भाकरी भाजायचे म्हणतात, ते खरं की काकांची अजून एक गोष्ट? आणि जवळ कुठं बघायला मिळेल?

धागा काढणारी :
उभी इंजिनं बघायची तर दिल्लीचं रेल्वे म्युझियम. धावणारी बघायची तर नीलगिरी नाहीतर दार्जिलिंग. जवळ म्हणशील तर धावणारं जवळ काहीच नाही रे. पंढरपूरला जाणारी गाडी आपल्या दारात होती, आणि आता तिच्यासारखं काही बघायला मेट्टुपालयम गाठावं लागतं.

भाकरीचं आईला विचारलं. ती सांगते तसं लिहिते : "भाकरी नाही. भाकरी घरनं न्यायचे, फडक्यात बांधून, ती नुसती गरम करायची. फावड्यावर अंडं करायचे. फावडं आधी भट्टीत धरायचं म्हणजे कोळसा जळून साफ होतो, मग तेल. आणि वांगं. वांगं राखेत पुरून कुर्डुवाडीला टाकलं की मोडनिंबला तयार. एकदा तुझ्या बापानं माझ्यासाठी म्हणून आणलं होतं, रुमालात. निम्मं कच्चं होतं. मी सगळं खाल्लं."